सहा खेपांची खोकी

रविवारी दुपारी दोनला येणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. सकाळचं गिऱ्हाईक निदान ताजं असतं. दुपारचं गिलमोर रस्त्यावरच्या सगळ्या कॉम्प्युटरच्या दुकानांत भाव विचारत फिरलेलं असतं, हातातला कागद घामानं भिजलेला असतो, आणि शेवटी ते आमच्या दुसऱ्या मजल्यावर चढतं तोवर माझ्या पायांचे तुकडे पडलेले असतात. बावीस वर्षं मी या टेबलामागे उभा राहून एकच काम करतोय. लोकांनी निवडलेले सुटे भाग बघायचे आणि 'हे याला बसत नाही' असं सांगायचं. बायको म्हणते, अर्सेन, तू घरीसुद्धा तेच बोलतोस.

त्या रविवारी जिन्यातून आधी एक भलंमोठं पुठ्ठ्याचं खोकं वर आलं आणि मग त्याच्याखालचा माणूस दिसला. साठी उलटलेला, शर्टाला कडक इस्त्री, खिशात दोन पेनं आणि एक छोटी बॅटरी. मागून त्याची बायको, हातात गुळात तळलेल्या केळ्यांची पिशवी.

"बॉस," तो धापा टाकत म्हणाला, "कॉम्प्युटर जोडून हवाय. गेमचा, एकदम भारीतला. सामान सगळं आहे माझ्याकडे, फक्त जोडायचंय. चार वाजेपर्यंत होईल ना?"

"नातवासाठी का?"

"माझ्यासाठी."

"ऐकलंत?" बायको म्हणाली. "आमच्या गल्लीत या वयाची माणसं कोंबडे पाळतात. याला गेम खेळायचाय."

मी स्टूल पुढे सरकवलं. अशा वेळी थोडं बोलू द्यावं लागतं, नाहीतर माणूस खोकं सोडत नाही. त्याचं नाव वेनान्सिओ, बायको पुरिता. तेहतीस वर्षं तो मालवाहू जहाजांवर होता, शेवटची बारा वर्षं चीफ इंजिनीअर. त्यामुळे बायकोसकट सगळं जग त्याला चीफच म्हणतं. जानेवारीत डॉक्टरनं तपासलं आणि कागदावर शिक्का मारला, समुद्राला नालायक. साखर. बोटांच्या टोकांना आता काही कळत नाही.

"स्क्रू हातात धरलाय की नाही, ते बघितल्याशिवाय समजत नाही," तो म्हणाला. "नाहीतर तुमच्याकडे आलोच नसतो. इंजिनं उघडलीत मी, हे काय." दोन आठवड्यांपूर्वी तो घरी ही खोकी उघडायला बसला होता, पण महागाच्या वस्तूंना हात लावायची हिंमत झाली नाही.

"आणि चारच वाजता का?"

त्यावर पुरिता पटकन म्हणाली, "मुलगी भेटणार आहे ना त्याला, गेममध्ये."

मुलगी रियालिन, एकवीस वर्षांची. तैवानला चिपच्या कारखान्यात कामाला. महिन्यातले दोन रविवार सुट्टी, त्यातही चारनंतर, कारण आधी कपडे धुवायचे असतात. ती शाळेपासून कुठलातरी गेम खेळते, आणि बापाला, म्हणजे तिच्या 'ताय'ला, म्हणते, ताय, या ना एकदा. मागच्या सुट्टीला चीफनं येतो म्हणून सांगितलं आणि गेला नाही. पोरगी दोन तास वाट बघत बसली.

"फोनवर बोलता ना पण?"

"बोलतो की. जेवलीस का? जेवले. तुम्ही? मीही. मग दोघं आपापल्या छताचा पंखा बघत बसतो." चीफनं रुमालानं मान पुसली. "मला काम करता करताच बोलता येतं, बॉस. नुसतं समोरासमोर बसून नाही येत. जहाजावर माझ्या हाताखालच्या पोरांशी मी तासन्‌तास बोलायचो, पाना हातात असला की. ती म्हणते, गेममध्ये दोघांना मिळून काम असतं. मी हिशेब केलाय, एकवीस वर्षांत आम्ही एका छपराखाली तीन वर्षं आणि दोन महिने राहिलोय. आज परत गेलो नाही तर ती पुन्हा बोलावणार नाही. माझीच पोर आहे, मला ठाऊक आहे तिचा स्वभाव."

घड्याळात सव्वादोन झाले होते. तासाभरात मी मशीन उभं करतो, पाय दुखत असले तरी. म्हटलं, दाखवा.

मोठ्या खोक्यातून सहा खोकी निघाली, सगळी सीलबंद. प्रत्येकावर काळ्या पेनानं, जहाजावरच्या कोठारात लिहितात तसं, नीट लिहिलेलं. बंदर, तारीख, आणि खाली 'निवड' म्हणून एकेकाचं नाव. सहा वर्षं, सहा खेपा, दर खेपेला एक भाग. पोरगी पंधराची असताना सुरुवात केलेली.

"निवड म्हणजे?"

"मला यातलं काय कळतंय? म्हणून दर खेपेला जहाजावरच्या एखाद्या जाणकार पोराला बरोबर घ्यायचो आणि सांगायचो, दुकानातलं सगळ्यात भारी दाखव."

घोटाळा आहे हे मला तिथेच कळलं. कारण जहाजावरची माणसं दर खेपेला बदलतात.

पहिलं खोकं पुसानचं, आचाऱ्यानं निवडलेलं कॅबिनेट. देखणं होतं, आणि एवढंसं. दुसरं सिंगापूरचं, पॉवर सप्लाय. तिसरं योकोहामाचा बोर्ड, थर्ड मेट ओनोफ्रेची निवड. प्रोसेसरच्या कंपन्या दोनच, निळी आणि लाल. ओनोफ्रे निळ्या कंपनीचा भक्त असणार, कारण बोर्ड निळ्या कंपनीच्या प्रोसेसरचा होता. चौथं खोकं पुन्हा सिंगापूरचं, प्रोसेसर, निवड इंजिनरूममधला ऑइलर डोडोंग. डोडोंग लाल कंपनीचा भक्त.

मी दोन्ही उघडले, शेजारी शेजारी ठेवले आणि दिवा खाली ओढला. डोडोंगच्या प्रोसेसरच्या पोटाला बारीक पिना होत्या. ओनोफ्रेच्या बोर्डाच्या खाचेतही पिनाच होत्या. चीफ इंजिनीअरला मी काय समजावणार? त्यानं खिशातली बॅटरी काढली, वाकून पाहिलं आणि बॅटरी विझवली.

"बरं," तो म्हणाला. "पुढे?"

पुढे ह्यूस्टनची मेमरी. नव्या पिढीची, खाच वेगळ्या जागी. ओनोफ्रेच्या बोर्डाला चालत नाही आणि डोडोंगच्या प्रोसेसरबरोबर जो बोर्ड लागेल त्यालाही नाही. सहावं रॉटरडॅमचं ग्राफिक कार्ड, तीन पंख्यांचं, पावाच्या लादीएवढं. मी पट्टी लावली. आचाऱ्याच्या कॅबिनेटमध्ये ते चार बोटं बाहेर राहत होतं. आणि सिंगापूरचा पॉवर सप्लाय त्या कार्डालाच पुरला नसता, बाकीच्यांची गोष्टच सोडा.

मी हात टेकले. सहाच्या सहा भाग आपापल्या जागी उत्तम होते, एकही टाकाऊ नाही, आणि कुणाचं कुणाशी जमत नव्हतं. माझं बावीस वर्षांचं वाक्य तोंडाशी आलं होतं, पण सांगायला कंटाळा आला. खरंच कंटाळा. या माणसाला तेच सांगायचं, मग उद्या दुसऱ्याला.

चीफनंच सांगितलं. "पाइप जोडायचे फ्लँज, एक जपानी, एक जर्मन," तो बायकोकडे बघत म्हणाला. "दिसायला सारखे, भोकं जुळत नाहीत. नव्या पोराला मी पहिल्या दिवशी हे शिकवायचो. सुटा भाग घ्यायच्या आधी तो कशावर बसणार ते बघ. पहिल्या दिवशी, पुरिता. आणि मी दर बंदरात काय विचारलं? भारी कोणतं. माझ्याकडे काय आहे ते कुणाला सांगितलंच नाही."

"तुला कुठे काय सांगायची सवय आहे," ती म्हणाली, पण हळूच.

मी पर्याय सांगितले, कारण ते माझं काम. प्रोसेसर ठेवायचा तर बोर्ड नवा आणि मेमरी जुन्या पिढीची घ्यायची. मेमरी ठेवायची तर बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदला. कार्ड ठेवायचं तर कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय गेलेच. कुठूनही धरलं तरी निम्मं सामान बाहेर. गल्ल्यावरून आमची मालकीण मिस लिम मान न उचलता म्हणाली, "अर्सेन, त्यांना सगळं एकदमच नवं दाखव, मागाहून कटकट नको."

चीफ खोक्यांवरची नावं वाचत बसला. जहाज सोडताना या पोरांना भेटलाही नव्हता तो, सगळे वेगवेगळ्या बंदरांवर उतरून गेलेले. मग त्यानं डोडोंगचा प्रोसेसर आणि रॉटरडॅमचं कार्ड एका बाजूला ठेवलं, बाकीचे चार दुसऱ्या बाजूला. "हे दोन ठेवा. बाकीचं द्या नवीन. चार वाजेपर्यंत होतंय ना, एवढं सांगा."

तीनला दहा कमी होते. "होईल," मी म्हटलं आणि मांडणीवरून योग्य बोर्ड काढून टेबलावर ठेवला. पुरितानं मला एक तळलेलं केळं दिलं. नको म्हटलं, तरी तिनं ते कागदावर ठेवलंच. खाऊन हात पुसताना मी सहज विचारलं, म्हणजे आवाजाचं आणि माइकचं कसं जुळवायचं ते बघावं म्हणून, "मुलीकडे कुठलं मशीन आहे?"

"लॅपटॉप. खोलीतल्या मैत्रिणीकडून घेतला, जुनाच. दोन बटणं नाहीत त्याला."

हातातला फडका तसाच राहिला.

"त्याच्यावर खेळते ती?"

"हो."

"गेम कुठला, चीफ?"

त्यानं नाव सांगितलं. बारीक चौकोनी चित्रांचा शेतीचा गेम. मुळा लावा, गाईला चारा घाला, तळ्यात मासे धरा. आमच्या गल्ल्यावरचं बिलाचं मशीन दहा वर्षांचं आहे, बिल छापताना कण्हतं, पण हा गेम त्याच्यावरसुद्धा चालेल.

आता खरं सांगतो. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न 'खेळणार काय' हाच विचारायचा असतो. नव्या पोरांना मीसुद्धा पहिल्या दिवशी हेच शिकवतो. त्या दिवशी पाय ठणकत होते, आणि मी कुणासाठी एवढंच विचारून गप्प बसलो. आणि आणखी एक खरं. क्षणभर वाटलं, गप्पच राहू या. तो पैसे टाकायला तयार आहे, मशीन झकास होईल, मिस लिम खूश, त्याची मान ताठ. सांगून त्याचं काय भलं होणार होतं? सहा वर्षांनंतर माणसाला असं सांगायचं म्हणजे काय.

पण तो बॅटरी हातात घेऊन माझ्याकडे बघत होता. इंजिनाच्या आवाजातला फरक ज्याला ऐकू येतो, त्याच्यापुढे तोंडाला कुलूप लावून काय उपयोग?

"चीफ," मी म्हटलं, "या गेमला यातलं काहीच लागत नाही. कुठल्याही जुन्या मशीनवर चालतो. तुमच्या जहाजावरच्या जेवणघरात कॉम्प्युटर होता ना, पोरं सिनेमे बघतात तो? त्याच्यावरही चालला असता."

त्यानं बॅटरी खिशात ठेवली. पुरिता पिशवीची गाठ सोडत होती, ती थांबली.

"ती सांगायची," चीफ म्हणाला.

"काय?"

"हेच. पहिल्यापासून. ताय, काही घेऊ नका, आपल्या जुन्यावरच चालतो. मी विचारायचो, यंदा काय आणू? ती म्हणायची, नको. काही नको ताय, खरंच नको." त्यानं खोक्यांवर हात ठेवला. "ती दहा वर्षांची असताना मी सुट्टीवर यायच्या आधी विचारलं होतं, बूट आणू का? म्हणाली, नको, आहेत. घरी आलो तर बुटाचा तळ सुतळीनं बांधून शाळेत जात होती. त्यानंतर या घरातलं 'नको' मी कधी खरं मानलं नाही."

"आमच्याकडे चार टोस्टर आहेत," पुरिता मला म्हणाली. "मी दर वेळी नको म्हटलंय." तिला हसू येत होतं आणि डोळे भरले होते. तिनं काहीच लपवलं नाही.

मला स्वतःचीच लाज वाटली. माझी बायको रोज विचारल्यावर म्हणते, येताना काही आणू नकोस. मी बावीस वर्षं काहीही नेत नाही, आणि वर म्हणतो, आमचं छान जमतं.

साडेतीन. मी काढलेला नवा बोर्ड परत मांडणीवर ठेवला आणि गल्ल्याकडे गेलो. "मिस लिम, जरा उठा."

"का?"

"बिलाचं मशीन हवंय."

"आणि बिलं कशावर करू?"

"कागदावर. आजचा दिवस."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्टुलावर बसलेल्या माणसाकडे. सगळं तिनं ऐकलं होतंच, आमचं दुकान आहे किती मोठं? कॅल्क्युलेटर आणि वही घेऊन ती बाजूला झाली. "फुकट नाही," ती पुटपुटली. "त्यांच्या बायकोला विचार, केळी अजून आहेत का."

गेम उतरायला बारा मिनिटं लागली. मशीन कण्हलं. चीफला खुर्चीत बसवलं, रियालिननं फोनवर पाठवलेले आकडे मी घातले, आणि चारला तीन मिनिटं कमी असताना पडदा उजळला.

या गेममध्ये दुसरा माणूस यायचा तर पहिल्यानं आपल्या शेतात त्याच्यासाठी खोप बांधून ठेवावी लागते. पाहुणा तिच्याच दारातून बाहेर येतो. चीफचा बारकासा माणूस निळी टोपी घालून एका लाकडी खोपीतून बाहेर आला. दारावर पाटी होती, 'ताय'. बाजूला कुंपण, फुलं, एक बाकडं. समोर शेत, आणि शेतातून लाल वेणीवाली मुलगी धावत येत होती.

पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली. "ताय? खरंच तुम्ही?"

चीफ एका बोटानं, बटणाकडे बघत बघत टाइप करू लागला. बोटाला कळत नव्हतं, दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मी म्हटलं, मी करतो. त्यानं मान हलवली. "हो," एवढंच लिहायला अर्धं मिनिट गेलं.

"नवीन मशीन झालं?"

"नाही. दुकानाच्या बिलाच्या मशीनवर."

"बघा. मी सांगत होते."

चीफ खोपीकडे बघत होता. मग लिहिलं, "हे घर कधी बांधलंस?"

"नववीत असताना."

सहा वर्षं. दर खेपेला तो कुठल्यातरी बंदरात एक सर्वांत भारी भाग घेत होता, आणि इथे त्याचं दार तयार होऊन उभं होतं. मागे पुरितानं माझी बाही धरली. मी ती सोडवली नाही.

चीफनं खूप वेळ घेऊन लिहिलं. खोडलं, परत लिहिलं. "मला वाटायचं तू माझा खर्च वाचवतेस."

लाल वेणीवाली मुलगी खोपीसमोर तशीच उभी राहिली. मला वाटलं, लाइन गेली. मग कोपऱ्यात एकदम आलं.

"पहिल्यांदा वाचवतच होते ताय. नंतर खरंच सांगत होते."

चीफनं चष्मा काढून पुसला. टाइप करायला बोट उचललं आणि परत खाली ठेवलं. तिकडून तिनंच लिहिलं, "तुमच्या खोपीत झारी आहे. मुळ्यांना सकाळपासून पाणी नाही. डाव्या ओळी तुमच्या."

तो आत गेला, झारी घेतली आणि कामाला लागला. चुकून दोनदा कुंपणावर पाणी घातलं, एकदा गाईवर. ती हसल्याची अक्षरं येत होती. तिसऱ्या ओळीपर्यंत त्याचं लिहिणंही वाढलं. पाण्याची टाकी इतकी लांब का ठेवलीस, पाइप टाकता येत नाही का, तुझ्या खोलीतल्या मैत्रिणी बऱ्या आहेत का, पायाला सूज येते म्हणालीस ती उतरली का. एकेक वाक्य मिनिटभरानं येत होतं आणि ती थांबून उत्तर देत होती. पुरिता त्याच्या खुर्चीच्या पाठीला धरून वाचत होती, मधेच म्हणत होती, हेही विचार, तेही विचार.

मी टेबलाशी जाऊन सहाही खोकी भरत बसलो. पुसान, सिंगापूर, योकोहामा, पुन्हा सिंगापूर, ह्यूस्टन, रॉटरडॅम, नावं वर येतील अशी. मिस लिम वहीत बिलं लिहीत होती आणि केळं खात होती. त्या दुपारी आमच्या दुकानातून या दोघांना एक स्क्रूसुद्धा विकला गेला नाही.

साडेपाचला रियालिनची दुसऱ्या दिवशीच्या पाळीची तयारी करायची वेळ झाली. चीफ उठला तेव्हा त्याला पाठ धरून उठावं लागलं. बिलाच्या मशीनसाठी किती द्यायचे म्हणून त्यानं विचारलं, मिस लिमनं हातानंच उडवून लावलं. आपल्या घरी पुरिताचा एक जुना कॉम्प्युटर आहे, टोस्टरांच्या मागे, तो पुढच्या वेळी चालेल का, हे त्यानं मला तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं, चालेल.

मग तो मोठ्या खोक्याकडे वळला. दोन मजले, चिंचोळा जिना, त्याची ती बोटं. मी विचारलं, "चीफ, खाली नेऊन देऊ का?"

"नको," तो म्हणाला.

मी उचललं.